जिभाऊच्या तालमीची वेळ

सकाळी की संध्याकाळी, प्रश्न एवढाच होता. परवा डॉक्टरांनी मला रोज अर्धा तास चालायला सांगितलं, तेव्हा मी त्यांना तेच विचारलं. ते म्हणाले, "आजी, तुम्हाला जमेल तेव्हा चाला. वेळेनं काही बिघडत नाही." तरुण मनुष्य आहे, हसरा आहे, पेशंटच्या पाठीवर थाप मारून बोलतो. मी मान हलवली आणि गोळ्यांची चिठ्ठी घेऊन घरी आले. वेळेनं आमच्या घरात काय बिघडलं होतं ते त्यांना सांगायला बसले असते, तर बाहेर ताटकळलेली माणसं उठून गेली असती. इथे मात्र कुणी ताटकळलेलं नाही, म्हणून सावकाश लिहिते.

नंदुरबारला आमचं घर मिरचीच्या पथाऱ्यांना लागून होतं. पथारी म्हणजे मिरची वाळत घालायचं उघडं मैदान. दिवाळी सरली की नजर जाईल तिथवर जमीन लाल व्हायची आणि होळीपर्यंत तशीच राहायची. आबा, म्हणजे माझे वडील, त्यातल्या एका पथारीवर मुकादम होते. माय घर बघायची आणि हंगामात बायांबरोबर देठ खुडायलाही जायची. माझ्याहून सात वर्षांनी मोठा एकच भाऊ. आमच्याकडे थोरल्या भावाला जिभाऊ म्हणतात, मीही तेच म्हणायची, आणि पुढे सगळी गल्लीच त्याला जिभाऊ म्हणायला लागली. मी शेंडेफळ, तापी. घरात चौघंच माणसं आणि पाचवी मिरची. ती अंथरुणात असे, पाण्याच्या माठावर असे, माझ्या वेणीत असे. सातपुड्यातून आणि नवापूरच्या डोंगराकडून हंगामासाठी जी माणसं कामाला येत, ती पहिले आठ दिवस खोकून खोकून बेजार होत आणि आम्ही गल्लीतली पोरं त्यांना हसायचो. नंदुरबारच्या माणसाला मिरचीचा ठसका लागत नाही, अशी आमची मिजास होती. ज्याला लागतो तो बाहेरचा. ही मिजास किती मूर्खपणाची आहे हे कळायला मला पुढे फार वेळ लागला नाही, पण तेव्हा ती आमच्या अंगात भिनलेली होती.

जिभाऊ दिवसा पथारीवर काम करायचा आणि त्याआधी, पहाटे, तालमीत जायचा. तालीम म्हणजे काही इमारत नव्हती. हिरामण वस्तादांच्या घरामागे एक मोठा लिंब होता, त्याच्या पलीकडे कंबरभर उंचीची भिंत घालून उघड्यावरच कुस्तीचा हौद केला होता. त्यातली माती ताक, तेल आणि हळद घालून वर्षानुवर्षं मळलेली. वस्ताद त्या मातीला लेकीसारखं जपायचे. पहाटे ती दवाने ओलसर असायची आणि माणूस पडला तर धप्प असा जड आवाज यायचा. त्या आवाजाने मी अंथरुणात कूस बदलायची, कारण तोवर माझं पहिलं काम उरकलेलं असायचं. ते काम म्हणजे जिभाऊचा खुराक. कोंबड्याच्या पहिल्या बांगेला उठायचं, चूल पेटवायची, दूध तापवायचं, रात्री भिजत घातलेले हरभरे निथळायचे आणि बदाम वाटायचे. बदामांसाठी मायने एक लहान पाटा वेगळा ठेवला होता, कारण घरच्या मोठ्या पाट्यावर मिरची इतकी मुरली होती की त्याच्यावर वाटलेलं गोड काही गोड लागायचंच नाही. हा लहान पाटा काळाभोर होता आणि हाताला गार लागायचा. थंडीच्या दिवसांत तर बोटं बधिर व्हायची. मी अकरा-बारा वर्षांची असेन. जिभाऊ उकिडवा बसून दूध प्यायचा, माझ्या डोक्यावर टपली मारायचा आणि निघून जायचा. मग मी पुन्हा गोधडीत शिरायची, पण गेलेली झोप काही परत यायची नाही.

जिभाऊ दिसायला फार थोराड नव्हता, पण त्याचा श्वास मोठा होता. वस्ताद सांगायचे, की समोरचा धापा टाकायला लागतो तेव्हा हा सुरू होतो. त्या साली पलीकडच्या एका गावाच्या जत्रेत मोठं कुस्त्यांचं मैदान ठरलं होतं आणि गुजरातेतल्या कुठल्याशा संस्थानचा कारभारी तिथे येणार होता. संस्थानच्या तालमीसाठी त्याला दोन तरणे पैलवान हवे होते. राहायला जागा, दोन वेळचा खुराक आणि दिवसभर दुसरं काम नाही. जिभाऊची जोड खापर गावच्या एका गड्याशी लागली होती. ही कुस्ती मारली की जिभाऊ पथारीवरून सुटला, असं वस्तादांनी आबांच्या तोंडावर सांगितलं होतं. जिभाऊला काय हवं होतं ते मला ठाऊक होतं, कारण तो दूध पिताना माझ्याशीच बोलायचा. पथारीवर काम करणाऱ्याचे कपडे आठ दिवसांत तांबडे होतात आणि ते पुन्हा कधी निघत नाहीत. तो म्हणायचा, "तापू, तठे गयू ना, का मी धवया सदरा घालसू. रोज." धवया म्हणजे पांढरा. एवढंच त्याला हवं होतं. मी म्हणायची, मग तो धुणार कोण, आणि तो हसायचा.

अडचण आली ती हंगामाची. आधीच्या हंगामांत जिभाऊचा थोडा उशीर खपून गेला होता, पण आता जत्रेसाठी तालीम वाढली होती. वाळत घातलेली मिरची पहाटेच्या दवातच उलथायची असते. तेव्हा ती मऊ असते, हाताळली तरी मोडत नाही आणि धूळ उडत नाही. ऊन चढलं की तिचा चुरा होतो. म्हणजे ज्या वेळी हौदाची माती चांगली त्याच वेळी मिरची चांगली, आणि जिभाऊ दोन्हीकडे हवा. कार्तिकातल्या एका संध्याकाळी वस्ताद आमच्या ओट्यावर येऊन बसले. आबा पागोटं काढून मांडीवर ठेवून बसले होते. माय आत कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी थापत होती, तिच्या हाताचा आवाज बाहेर येत होता. जिभाऊ खांबाला टेकून उभा आणि मी उंबऱ्यात.

वस्ताद म्हणाले, "आबा, सकायना जोर तोच जोर. पोट रिकामं ऱ्हास, माटी वल्ली ऱ्हास. सांजले काय शे त्याना आंगमा? दिवसभर पोती उचलीसन पोऱ्या आर्धा मरी जास."

आबा म्हणाले, "वस्ताद, दव शे तवलगच मिरची हातमा येस. मन्हाच पोऱ्या उशिरा येवाले लागना, ते बाकीना मानसेसले मी काय सांगू?"

असं बराच वेळ चाललं. दोघंही भली माणसं, दोघांचंही खरं. वस्ताद पहाटेचे गुण सांगत, आबा हंगामाचं रडगाणं सांगत, आणि मधेच दोघं सुपारी कातरत. आत मायच्या हाताचा आवाज थांबला की मला वाटायचं आता ती काहीतरी बोलेल, पण ती नवी भाकरी घ्यायची. शेवटी जिभाऊच बोलला. हसत बोलला, थट्टेनेच. "तापूले इचारा. ती उठस, ती चुल्हा पेटाडस, ती बदाम वाटस. ती सांगी ती येळ." आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "सांग तापू, सकाय का सांज?"

मोठी माणसं माझ्याकडे बघायला लागली. मला आठवतं, माझ्या पायाखाली उंबरा गार होता. मला दुसऱ्या दिवशीची पहाट दिसली, पाट्याचा गार दगड दिसला, ओली लाकडं आणि डोळ्यात जाणारा धूर. संध्याकाळची तालीम झाली तर बदाम दुपारी उन्हात बसून वाटता येणार होते. पथारीवर जाणाऱ्यांचा चहा-भाकर माय करतच होती. मी म्हणाले, "सांज."

आबा हसले. वस्ताद म्हणाले, "पोरनं आयकीसन कुस्त्या व्हतस का कोठे?" पण त्यांचा विरोध तिथेच ढिला पडला, कारण जिभाऊनेही मान डोलावली होती. त्यांची एकच तक्रार उरली, ती मातीची. दिवसभराच्या उन्हाने हौद तापतो आणि सांजेपर्यंत त्याचा दगड होतो. त्यावर आबांनी तोडगा काढला. "माटीवर वल्लं पोतडं टाका. पथारीवर जुना पोता पडेल शेतस, सकायले धाडी देस." वस्तादांना ते पटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी स्वतः जुन्या पोत्यांचा एक गठ्ठा खांद्यावर घालून तालमीत नेऊन दिला. आज हे लिहिताना वाटतं, की आमच्या गावाबाहेरचं एखादं शेंबडं पोरगंसुद्धा म्हणालं असतं, अहो, ही मिरचीची पोती आहेत. आम्हाला कुणालाच ते सुचलं नाही. मिरचीत मिरची दिसत नाही.

मग मला झोप मिळाली. ती मी भरपूर घेतली, हे खरं खरं सांगते. सकाळी सुरतेकडच्या गाडीची शिट्टी वाजली की मी उठायची, तोवर आबा आणि जिभाऊ कधीच कामाला गेलेले असायचे. दुपारी अंगणात लहान पाटा घेऊन उन्हाला पाठ करून बसायची. हात गरम, पाठ गरम, बदामाचा वास. उन्ह कलली की जिभाऊ पथारीवरून यायचा, हातपाय धुऊन दूध प्यायचा आणि तालमीत जायचा. बाकीची पोरं पहाटेच मातीत खेळून गेलेली असत. सांजेला जिभाऊ, त्याच्याशी झोंबणारा एक शेजारचा गडी आणि वस्ताद, एवढेच. सकाळी पोरं गेल्यावर वस्ताद ती पोती ओली करून मातीवर पसरायचे आणि सांजेला, तोवर ती कोरडी ठणठणीत झालेली असत, तिथेच हौदात झटकून बाजूला करायचे. संध्याकाळच्या तिरक्या उन्हात तांबडी धूळ वर उठलेली मी लिंबाखालून पाहिली आहे. मुलींनी हौदाजवळ जायचं नाही असा दंडक होता, म्हणून मी लांबूनच बघायची. धूळ दिसायला छान दिसायची. धप्प हा आवाज मात्र बदलला होता, आता तो फट्‌ असा कोरडा यायचा.

पौष लागला तेव्हा जिभाऊ खोकायला लागला. आमच्यासमोर नाही. जेवताना तो घास तोंडात धरून थांबायचा, डोळ्यात पाणी यायचं, आणि मग उठून गोठ्यामागे जायचा. तिथे उपरणं तोंडात कोंबून खोकायचा. मी एकदा मागे गेले तर त्याने डोळे वटारले आणि बोट ओठांवर ठेवलं. मला त्यात वावगं वाटलं नाही. नंदुरबारचा पैलवान मिरचीच्या हंगामात खोकतो म्हटल्यावर गावाने काय केलं असतं, ते मलाही समजत होतं. मायने एकदा विचारलं, "काय व्हयनं रे?" तो म्हणाला, "काई नही. पानी चुकनं." मायने तूप-गूळ खाऊ घातला, ओव्याची पुरचुंडी शेकायला दिली. आबांनी काही विचारलं नाही. त्यांना हंगाम होता.

आता जे सांगायचं ते सांगते. जत्रेच्या चार दिवस आधी माय देठ खुडायला गेली होती आणि धुणं माझ्याकडे आलं होतं. पैलवानाचा लंगोट बहिणीने धुवायचा नाही, तो मायच धुवायची, पण त्या दिवशी तो ढिगात आला आणि मी धुतला. मातीचं पाणी तांबूस निघायचंच, त्याचं काही नाही. पिळताना पाणी उडालं म्हणून मी मनगटाने डोळा पुसला आणि डोळ्यात जी आग झाली ती अशी, की मी ओरडत ओसरीपर्यंत आले. संध्याकाळी मायला सांगितलं तर ती म्हणाली, "तुन्हा हातले मिरची लागेल व्हई. धुई टाक." मी हो म्हटलं. पण माझ्या हाताला मिरची नव्हती. दिवसभरात मी मिरचीला हात लावला नव्हता. आणि जिभाऊ तो लंगोट पथारीवर नेत नव्हता, तो फक्त हौदात नेसत होता. पोत्यांचं मला ठाऊक होतं, झटकताना मी बघितलं होतं. हे सगळं मी जोडून पाहिलं का? पाहिलं. ओसरीवर डोळ्याला ओला पदर धरून बसले होते तेव्हाच पाहिलं. आणि लगेच दुसरा विचार आला, की हे सांगितलं तर तालीम परत पहाटेची होणार. मी काही बोलले नाही. आत जाऊन बदाम सोलायला घेतले.

जत्रेला आम्ही बैलगाडीने गेलो. माय घरीच राहिली, तिला कुस्ती बघवत नसे. आबांनी गाडी मैदानाच्या कडेला सोडली आणि मला गाडीतच बसवून ठेवलं. तिथून माणसांच्या डोक्यांवरून मला सगळं दिसत होतं. रेवड्यांच्या आणि तळलेल्या भज्यांच्या वासाने पोट खवळलं होतं. ढोल अखंड वाजत होते. संस्थानचा कारभारी एका खुर्चीवर बसला होता, त्याच्या अंगात पांढराशुभ्र अंगरखा होता आणि त्याने जिभाऊकडे बघून शेजारच्याला काहीतरी विचारलं, हे मी पाहिलं. खापरचा गडी उंच होता. पहिली काही मिनिटं दोघं नुसते डोकी लावून फिरले. मग जिभाऊने त्याचा पाय उचलला, त्याला खाली आणलं आणि पाठीवर बसला. लोक उठून उभे राहिले. आबांनी गाडीचं चाक घट्ट धरलं होतं. त्या गड्याचा एक खांदा मातीला लागला होता. दुसरा लागायला वीतभर उरलं होतं.

तेव्हा जिभाऊ खोकला. एकदा खोकला, आणि मग थांबताच येईना. त्याचं सगळं अंग हलायला लागलं. पकड सुटली. खालचा गडी आधी गोंधळला, त्याने मान वळवून वर बघितलं, मग सरळ उलटला आणि जिभाऊला चीत केलं. जिभाऊ आभाळाकडे तोंड करून पडला होता आणि पडल्या पडल्या खोकत होता. ढोल थांबले. कुणीतरी ओरडलं, "आरे, नंदुरबारना पैलवानले ठसका लागना!" दुसरा म्हणाला, "पानी पाजा त्याले, पानी!" आणि सगळं मैदान हसलं. आम्ही डोंगरातल्या माणसांना हसायचो, अगदी तसंच हसलं. कारभारी मान वळवून पुढची जोड बघायला लागला. वस्तादांनी जिभाऊला उठवलं, अंगावरची माती झटकली. तो गाडीपाशी आला, सदरा घातला आणि म्हणाला, "गाडी जुपा, आबा." आबांनी मला घेतलेल्या रेवड्या माझ्या ओटीत होत्या. त्या मी परतीच्या वाटेत खाल्ल्या. मला रडू येईल असं वाटत होतं, पण आलं नाही. काहीच आलं नाही.

घरी मायने ताटं वाढली. जिभाऊ नेहमीएवढंच जेवला. दुसऱ्या दिवशी दवात तो पथारीवर गेला आणि सांजेला आल्यावर हातपाय धुऊन ओट्यावर बसला. तालमीची वेळ झाली, निघून गेली. मी दूध तापवून ठेवलं होतं, त्यावर साय धरली. तिसऱ्या दिवशी मी दूध तापवलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. आठवडाभराने वस्ताद दारात आले, आत बसले नाहीत. उभ्या उभ्याच म्हणाले, "आबा, माटी काढी टाकी मी. पोतास्मा मिरची व्हती." आबा पागोटं बांधत होते. ते बांधून झाल्यावर म्हणाले, "पोता मिरचीनाच व्हतात, वस्ताद." वस्ताद तसेच मागे फिरले. मी चुलीपाशी होते. जिभाऊ माझ्यापासून दोन हातांवर, ओसरीवर बसला होता. त्याने ऐकलं, मी ऐकलं. मायने त्या दिवशी लहान पाटा खाली घेतला, धुतला आणि त्याच्यावर लाल मिरच्या वाटायला घेतल्या. मोठा पाटा गुळगुळीत झाला म्हणून टाकी लावायला दिला होता म्हणे. टाकी लावून तो परत आला तरी माय लहान पाट्यावरच वाटत राहिली. आमच्या घरात त्यानंतर कुणी आरडाओरडा केला नाही, कुणी कुणाला दोष दिला नाही. बरं झालं असतं दिला असता तर. मी तर रोज गाढ झोपायची, तेही सांगून टाकते. पहाटे कोंबडा आरवला की क्षणभर जाग यायची, आता उठायचं नाही हे आठवायचं, आणि मी पुन्हा झोपी जायची.

जिभाऊने पुढे चाळीस-एक वर्षं पथारीवर काढली. आबांच्या मागे तोच मुकादम झाला. लग्न केलं, मुलं झाली, गावात चार माणसांत मान होता. कुस्तीचं मैदान बघायलाही तो पुन्हा गेला नाही. खोकला गेला, पण तो मोठा श्वास काही परत आला नाही. जिना चढताना मधे थांबायचा. मी लग्न होऊन नवापूरला गेले, वर्षातून दोनदा माहेरी यायची. आम्ही पुष्कळ बोलायचो, मुलांचं, शेजाऱ्यांचं, मायच्या आजारपणाचं. तालमीचं कधीच नाही.

शेवटचं गेले तेव्हा तो अंगणात बाज टाकून उन्हात बसला होता. अंगात पांढरा सदरा होता. काम सोडल्यावरच त्याने पांढरे कपडे घालायला सुरुवात केली होती. मी खाली जोत्यावर बसले. घरात दुसरं कुणी नव्हतं. का कोण जाणे, त्या दिवशी मी बोलले. "जिभाऊ, त्या दिनले मी सांज सांगं ना, ते झोपकरता सांगं व्हतं. माले पहाटले उठनं नको व्हतं."

तो म्हणाला, "माले ठाऊक व्हतं."

"मंग माले काबरं इचारं?"

तो हसला. दात फारसे उरले नव्हते. "मालेबी झोप येये, तापू. वस्तादले मी कसं सांगतू? तू सांज म्हनशी, हाई माले ठाऊक व्हतं, म्हनीसन तुले इचारं."

म्हणजे इतकी वर्षं मी उराशी बाळगलं ते निम्मं त्याचं होतं, आणि त्याने ते किती सहज बाजेवर काढून ठेवलं. मला हलकं वाटायला हवं होतं. मी वाट पाहिली, पण वाटलं नाही. कारण खरं सांगायचं होतं ते हे नव्हतंच. लंगोटाचं होतं. चार दिवस हातात होते, वस्तादांनी माती बदलली असती, चार दिवस जिभाऊ स्वच्छ हवेत राहिला असता, खोकला निवळला असता की नसता, कोण जाणे. पण मला कळलं होतं आणि मी बोलले नव्हते. ते माझ्या ओठांवर आलं. जिभाऊ म्हणाला, "चहा मांड जराखा. मंग सांग काय सांगनं शे ते." माझ्या तोंडावरून त्याला कळलं असावं.

मी आत जाऊन चहा मांडला. आलं ठेचायला पाटा शोधला, तर चुलीमागे तोच लहान पाटा होता, मधोमध खोलगट झालेला आणि पार लाल. कप घेऊन बाहेर आले तेव्हा जिभाऊला झोप लागली होती. उन्ह तोंडावर आलं होतं, हात छातीवर होता, आणि श्वास लहान लहान चालला होता. मी कप हातात धरून उभी राहिले. उठवावं असं मनात आलं. मग वाटलं, झोपू दे, उठेल तेव्हा सांगू. चहा निवला, तो मीच प्यायले. तो उठला नाही, माझी गाडीची वेळ झाली, आणि मी त्याच्या अंगावर उपरणं टाकून निघाले.

त्या भेटीनंतर पंधरा दिवसांनी जिभाऊ गेल्याची तार मला नवापूरला मिळाली.